शिवणीच्या आतली शिवण

शनिवार, १४ ऑक्टोबर १९९५. हवा स्वच्छ. सकाळच्या लाँचने निघालो. जुना दगडी पूल, पडकी गिरणी आणि बेटावरची बाग पाहिली. बागेच्या पायऱ्यांवर ह्यांचा पाय घसरला, कमरेपर्यंत भिजले. लागले नाही. मुक्काम लॉजवर, खोली नदीकडे. मालकीणबाईंनी यजमानांचे कपडे दिले. जेवण बरे होते. ह्यांनी अर्धेच घेतले.

कॉन्व्हेंटमध्ये रोजनिशीचा तास घेणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, दिवसाचं लिहा, मनाचं नको. मनाचं देवाला ठाऊक असतं. तेव्हा लागलेली सवय अजून सुटलेली नाही. त्यामुळे वरच्या नोंदीत पायऱ्या आहेत, पूल आहे, जेवणसुद्धा आहे. पण हे त्या दिवशी पाण्यात पडले नसते, तर माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत संपत चालला आहे, हे मला आणखी किती दिवस कळलं नसतं, ते तिथे नाही. ते आता लिहिते. सिस्टरही गेल्या आणि हेही गेले, रागावणारं कोणी उरलेलं नाही.

हे शिंपी होते. कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीसेक वर्षं पुरुषांचे कोट, पँटी आणि जाकिटं शिवली. सगळे मास्तर म्हणायचे. दुकानाला एकच काच होती आणि काचेत बिनडोक्याचा एक लाकडी पुतळा. त्याला हे जावई म्हणत. खरा जावई घरात आल्यावरही नाव बदललं नाही. "हा जास्त शहाणा आहे," म्हणायचे, "बोलत नाही, मागत नाही, आणि पोट वाढवत नाही."

माझी त्यांची गाठ त्या दुकानातच पडली. वडिलांबरोबर त्यांच्या कोटासाठी गेले होते. वडील कचेरीतले मोठे कारकून, ताठ मानेचे. ह्यांनी फीत खांद्यावर टाकली, मापं घेतली आणि म्हणाले, "साहेब, तुमचा डावा खांदा उतरलेला आहे. कोटात लपवू, की आहे तसं राहू दे?" वडील लाल झाले. घरी आल्यावर म्हणाले, "उद्धट आहे." पण कोट आला तेव्हा आरशासमोरून हलेनात. जन्मात पहिल्यांदा त्यांचे दोन्ही खांदे सारखे दिसत होते. पुढे मी लग्नाचं काढलं तेव्हा मात्र म्हणाले, "सिस्टरांकडे शिकवली ती काय शिंप्याच्या घरी बटणं लावायला?" त्यांना काय माहीत, बटणच काय, ह्यांनी मला सुईलाही हात लावू दिला नाही. "तुझा हात लिहिण्याचा," म्हणत. मी शाळेच्या कचेरीत नोकरी केली, हे शिवत राहिले.

माणसाची लाज झाकणं हेच आपलं काम, असं त्यांना वाटे. कुणाचं पोट, कुणाची कुबड, कुणाचा आखूड पाय. गिऱ्हाईक दुकानातून निघालं की त्याचं व्यंग टेबलावर ठेवून गेल्यासारखं सरळ चालायचं. आणि दुकानातल्या बाकी कशापेक्षा त्यांचा जीव होता तो मायेत. कोटाच्या किंवा पँटीच्या शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस सुटला तर उसवून कपडा मोठा करता येतो, वाळला तर शिवण आत घेता येते. "माया कापायची नाही," हा त्यांचा नियम. दुसऱ्या कुणी कापलेली दिसली की दिवसभर चिडचिड करायचे.

पुढे तयार कपड्यांची मोठी दुकानं आली आणि गिऱ्हाईक आटलं. शेवटचं मोठं काम मिळालं ते नदीवर लाँच चालवणाऱ्या कंपनीचं, नावाड्यांचे निळे कोट. ते पोचवल्यावर ह्यांनी दुकान बंद केलं, मशीन आणि जावई तेवढे घरी आणले. कंपनीच्या मॅनेजरने खूश होऊन दोघांचे दोन दिवसांच्या नदी-सहलीचे पास दिले.

ती नदी आमच्या दुकानामागूनच वाहायची. वरच्या अंगाला कसा पूल आहे, कसा धबधबा आहे, हे मी लग्नापासून ऐकत होते. "पुढच्या वर्षी नक्की," हे म्हणायचे, आणि पुढच्या वर्षी कुणाचा तरी लग्नाचा कोट निघायचा.

"या वेळी कुणाचा कोट नाही ना?" मी विचारलं.

"आता माझाच," ते म्हणाले. सहलीसाठी राखाडी कोट इस्त्री करत होते. स्वतःचे कपडे धुणं, इस्त्री करणं, टांगणं, हे सगळं त्यांचं तेच करत. लग्नापासूनचा नियम होता.

त्या वर्षी उन्हाळ्याआधी त्यांचे उरलेसुरले दात काढले होते आणि कवळी बसवली होती. गाल बसले. जेवण कमी झालं. "कवळी टोचते," म्हणायचे. लेक आली की म्हणायची, "बाबा, कवळीने म्हातारे दिसायला लागलात." गल्लीत सगळे तेच म्हणत. चेहऱ्याचं कारण कवळी, भुकेचं कारणही कवळी. बाकी पाहावं तर कोट खांद्यावर चपखल आणि पँटीची घडी सुरीसारखी. ज्याच्या अंगावर कपडा असा बसलाय, तो माणूस आजारी आहे असं कोणाच्या मनात येणार?

लाँचवर चढलो तेव्हा ह्यांनी आधी नावाड्याचा कोट तपासला. दणकट गडी, आमच्या लेकीच्या वयाचा.

"काखेत आवळतो का?"

"नाही मास्तर, पण बायको म्हणते यात मी साहेब दिसतो, म्हणून घरी काम सांगत नाही."

"मग वर पैसे द्यायला हवेत तू मला."

लाँचभर हशा पिकला. मीही हसले. काठावरची झाडं मागे सरकत होती, पाणी हिरवं, संथ. पूल आला. हे वर मान करून कमानींचे दगड बघत होते. "बघ, सांधा कसा लपवलाय," म्हणाले. त्यांना पुलातही शिवणच दिसली. पडक्या गिरणीच्या पाणचक्कीवर बगळे बसले होते. इतक्या वर्षांनी नवऱ्याशेजारी काही न करता बसले होते मी. बरं वाटत होतं. हे लिहायला आज मला जड जातं, पण बरं वाटत होतं.

बेटावरची बाग पाहून परत येताना धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून ह्यांचा पाय सटकला. मी ओरडले. नावाड्याने वाकून कॉलरला धरलं आणि एका हाताने त्यांना उचलून वर ठेवलं. ओल्या टॉवेलासारखं. मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाला, "मास्तर, काही खाता की नाही? मी दोन्ही हात लावायच्या बेतात होतो."

माणसं हसली. हेही हसले. मी त्या नावाड्याच्या हाताकडे बघत राहिले.

लॉजची मालकीणबाई मोठी बोलकी. ओले कपडे बघून तिने कपाळाला हात लावला. "कोरडे आणले नाहीत?"

"रात्रीचे तेवढे आणलेत," मी म्हणाले. दोन दिवसांना एक कोट पुरेल, असं ह्यांनीच ठरवलं होतं.

"रात्रीच्या कपड्यांत कसं जेवायला येतील? थांबा, आमच्या ह्यांचे देते. घट्ट होतील बरं का, आमचे हे काडीपैलवान." काडीपैलवान तिथेच गल्ल्यामागे उभे होते. खरंच काटकुळे गृहस्थ होते. लाजून हसले.

ह्यांनी शर्टाकडे एकदा पाहिलं. "होईल मला," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. त्यांची नजर मापाला कधी चुकत नसे. त्या दिवशी चुकली. का मुद्दाम चुकवली, देव जाणे.

बाहेर आले तेव्हा पँट मुठीत धरली होती. कॉलरमध्ये मान म्हणजे बादलीतली काठी. बाह्या बोटांवर आलेल्या, खांद्याची शिवण दंडावर लोंबत होती. मालकीणबाई बोलता बोलता थांबली. काडीपैलवानांनी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं आणि नजर वळवली. आयुष्यात पहिल्यांदाच हे दुसऱ्याच्या हातचा कपडा घालून माझ्यासमोर उभे होते, आणि पहिल्यांदाच मला ते दिसत होते.

खोलीत त्यांना पांघरुणात बसवलं. त्यांची ओली पँट शेगडीशेजारी वाळत घालायची म्हणून उलटी केली. मागच्या शिवणीजवळ काहीतरी जाड लागलं. दिव्याखाली धरलं. एका शिवणीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, तिच्याही आत आणखी. सगळ्या सारख्या अंतरावर, सगळ्या सरळ, एकाच बारीक टाक्याच्या. आणि आत घेतलेलं सगळं कापड जसंच्या तसं दुमडून ठेवलेलं. कोट उलटा केला. कोटाचंही तेच. जाकिटाचंही.

"अहो, हे काय?"

"शिलाई."

"ती दिसते मला. कधीपासून?"

ते नदीकडे बघत होते. "कवळी बसवली त्याच्याही आधीपासून."

"आणि मला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? कपडा सैल झाला, आत घेतला. मास्तरच्या अंगावर ढगळ कपडा बरा दिसतो का?"

"कपड्याचं नाही विचारत मी!"

"मला कपड्याचंच कळतं," ते म्हणाले. मग पांघरूण ओढून घेत, "पहिल्यांदा वाटलं वय झालं. दुसऱ्यांदा वाटलं कवळी. तिसऱ्यांदा आत घेताना वाटलं, विचारावं कुणाला तरी. पण विचारलं की उत्तर येतं ना."

"दुखतं?"

"दुखतं."

मी पँट शेगडीशेजारी टाकली. आत्ताच्या आत्ता परत जाऊ, मी म्हणाले. पण परतीची लाँच दुसऱ्या दिवशी दुपारीच होती, आणि रस्त्याने जायला गाडी नव्हती. तरी मालकीणबाईकडे विचारायला मी निघाले तशी ह्यांनी माझा हात धरला. त्यांचं मनगट त्या परक्या बाहीत सैल हलत होतं.

"अगं, उद्याचा दिवस दे मला. धबधबा बघू. सोमवारी तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. तोंडातून ब्र काढणार नाही."

मी दिला. न देऊन काय केलं असतं?

रविवारी सकाळी कपडे वाळले होते. ते घालून हे पुन्हा मास्तर झाले. ताठ, नीटनेटके, सुरीसारखी घडी. लाँचवरच्या माणसांनी "काय मास्तर, सुकलात?" म्हणून चेष्टा केली. ह्यांनीही "धुऊन इस्त्री करून आलोय" म्हणून उत्तर दिलं. ते हसणं ऐकवेना मला. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, तो कोट बघू नका, कोटाच्या आत बघा. कालपर्यंत त्या कोटाकडे बघून मला धीर यायचा. आता त्याच्याइतकी भीती दुसऱ्या कशाची वाटत नव्हती.

नावाड्याची बाही काल ओढाताणीत काखेत उसवली होती. ह्यांनी कॉलरखाली खोचलेली सुई काढली आणि चालत्या लाँचवर त्याच्या अंगावरच ती शिवली. "हलू नकोस, नाहीतर तुलाच कोटाला शिवीन." दोरा दाताने तोडायला गेले आणि कवळी निसटली. दोघेही पोट धरून हसले.

धबधब्याला वर चढून जावं लागतं. दगडी पायऱ्या, बाजूला लोखंडी कठडा. हे थोड्या चढले आणि कठड्याला धरून खाली बसले. ओठ पांढरे पडले होते.

"तू जा," म्हणाले. "बघून ये. आणि मला सांग कसा आहे ते."

"मला नाही बघायचा."

"इतकी वर्षं मागे लागली होतीस. जा ना."

मी गेले. वर माणसांची गर्दी होती. तुषार अंगावर येत होते, लोक फोटो काढत होते, एक तरुण नवराबायको छत्री धरून खिदळत होते. ज्या धबधब्यासाठी मी अर्धं आयुष्य हट्ट धरला होता, तो समोर होता आणि मी खाली पायऱ्यांवरच्या राखाडी ठिपक्याकडे बघत होते. तो ठिपका हलत नव्हता. वरून सगळंच लहान दिसतं, हे मला माहीत होतं. तरी मी धबधब्याकडे पाठ करून उतरायला लागले.

खाली आले तेव्हा ते म्हणाले, "कसा होता?"

"पाणी पडत होतं."

हसले. "सिस्टरांनी अगदी पक्कं शिकवलंय तुला."

परतीची लाँच निघाली. गिरणी आली, पूल आला. त्यांनी कमानीकडे मान वर केली नाही.

सोमवारी त्यांनी शब्द पाळला. तपासण्या झाल्या, पोटाचे फोटो निघाले. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने कागद खाली ठेवले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जठरात सुरू झालं होतं, आता यकृतात पसरलं होतं. उन्हाळ्यात आले असते तर शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता. आता नाही. मग तो माझ्याकडे वळला. टोचून बोलायचं म्हणून नाही, त्याला खरोखरच समजत नव्हतं. "एवढं वजन उतरलं, घरात कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "काम चांगलं होतं, डॉक्टर."

आणि त्या आवाजात अभिमान होता. चाळीस वर्षं लोकांची व्यंगं झाकली, शेवटी स्वतःचं मरण झाकलं, आणि टाका कुठे दिसला नाही. मला त्या क्षणी त्यांना एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दवाखान्याच्या बाहेर आल्यावर त्यांच्या कोटात तोंड खुपसून रडले. कोट तेवढा भक्कम होता. आत काहीच हाताला लागत नव्हतं.

त्यानंतर ते मशीनवर बसू शकले नाहीत. कपडे सैल होत गेले तसे सैलच राहिले. लेक आली, बाबांना पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकली. कोपऱ्यात उभ्या जावयाला हे पलंगावरून म्हणायचे, "आता तू आणि मी एका मापाचे." ऐकून कोणी हसायचं नाही.

एके दुपारी मला म्हणाले, "कपाटातला काळा कोट आत घ्यावा लागेल."

कशासाठी, ते मी विचारलं नाही.

"ढगळ कोटात पाठवू नकोस मला. लोक म्हणतील, मास्तरला स्वतःचं माप कळलं नाही."

"मला शिवता येत नाही. तुम्हीच हात लावू दिला नाहीत."

"आता लाव."

मग शिकवणी सुरू झाली. मी मशीनवर, ते पलंगावर, उशीला टेकून. चिंध्यांवर रेघा मारून द्यायचे आणि मी त्यावरून टाके घालायची. "पाय हळू. घाई केलीस की मशीनला कळतं." माझी रेघ वेडीवाकडी जायची. "ही काय नदी काढलीस? वळणं नकोत गं मला." मग दमून डोळे मिटायचे. मी मशीन चालवत राहायची, कारण ते थांबलं की डोळे उघडून विचारायचे, "का थांबलीस?" मला शिकायचं नव्हतं. मला येत नाही तोवर त्यांना जाता येणार नाही, असं काहीतरी वेडं मी मनाशी धरून बसले होते. पण रेघ हळूहळू सरळ यायला लागली. त्यांनी एक चिंधी उजेडात धरून पाहिली, "चालेल," म्हणाले. त्यानंतर त्यांनी काही पाहिलं नाही.

गेले त्या सकाळी लेकीने कोट माझ्या हातातून काढून घ्यायचा प्रयत्न केला. "आई, राहू दे ना. आता कोण बघणार आहे?"

"ते," मी म्हणाले.

मशीनवर बसले. काळी लोकर, आणि त्यांच्याच जुन्या शिवणी आत आत घेतलेल्या. कापड कुठेच कापलेलं नव्हतं, त्यामुळे पाठीच्या मध्यावर थरावर थर साचले होते. हळूच चालवलं. खांद्यापासून कमरेपर्यंत सरळ आले. कमरेशी मशीन अडलं, कट्‌ असा आवाज आला. उरलेलं बोटभर मी हाताने शिवलं. ते काही सरळ आलं नाही. खऱ्या जावयाने आणि लाँचवरच्या त्या नावाड्याने मिळून त्यांना कोट घातला. खांद्यावर बसला. पाठीकडून कोणाला दिसणार नव्हतं.

नावाडी आपल्या निळ्या कोटात आला होता. बाहीवरचा तो टाका मी ओळखला.

संध्याकाळी माणसं गेली, लेक भांडी विसळत होती. मी रोजनिशी उघडली.

बुधवार, १७ जानेवारी १९९६. हवा थंड. सकाळी हे गेले. मशीनची सुई मोडली. डब्यात दुसरी नाही.